आदल्या दिवशीचं पाणी

केटीची दारं मी काढली होती. हे वाक्य मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. बायकोपुढं नाही, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांपुढं नाही आणि केजच्या कोर्टात शपथ घेतल्यावर तर नाहीच. सोबत चुलतभाऊ होता, पण तो गेल्या उन्हाळ्यात गेला. म्हणजे हे ठाऊक असलेला माणूस आता मी एकटाच उरलोय आणि खरं सांगायचं तर मला माझाच वीट आलाय.

केटी म्हणजे आमच्या नदीवरचा बंधारा. सिमेंटचे खांब, खांबांना खाचा, खाचांत एकावर एक बसवायची लोखंडी दारं. पावसाळा सरला की दारं बसवायची, उन्हाळा संपला की काढायची, म्हणजे पुराला वाट राहते आणि शेवटचं पाणी अडतं. नियम असा. पण नियम पाऊस पडणाऱ्या मुलखासाठी असतात. मी सांगतोय ती वर्षं ओळीनं कोरडी गेलेली. बंधारा वरच्या गावाच्या शिवारात. त्यांनी त्या साली आषाढातच दारं बसवून टाकली. एक बरा पाऊस झाला, तेवढं पाणी अडलं, आणि त्या पाण्यावर त्यांनी राखण्या बसवला. त्याच पाण्याच्या पाझरावर त्यांची पिण्याची विहीर होती, जनावरं होती, उरलासुरला ऊस होता. त्यांच्या खाली नदीकाठी आमचं गाव, आणि आमच्याही खाली, नदी वळते तिथं, खालचं गाव. खालच्या गावाला त्या पाण्यातला थेंबसुद्धा मिळत नव्हता.

खालच्या गावाची माणसं दोन वर्षं आमच्याकडं येत होती. म्हणणं सरळ होतं : चला, दारं काढू. "आमी काढतो, तुमी नुसतं मागं हुबे ऱ्हावा," असं म्हणायचे. आम्ही चहा पाजायचो आणि वाटेला लावायचो. कुणी म्हणायचं पेरणी होऊ द्या, कुणी म्हणायचं तहसीलला अर्ज द्या, कुणी म्हणायचं आमचा पाय मुरगळलाय. एकानं तर सरळ विचारलं होतं, "तुमचं भांडण तुमच्यापशी. आमी कावून मधी यावं?"

आमच्या गावाला मधे न येण्याची दोन कारणं होती. एक म्हणजे सोयरीक. आमच्या पोरी वरच्या गावात दिलेल्या, त्यांच्या आमच्यात आणलेल्या. माझी थोरली बहीण, अक्का, तिकडंच दिलेली. दुसरं कारण दूध. आमच्या गावात तिन्ही गावांची मिळून सहकारी दूध संस्था होती आणि मी तिचा सचिव. सचिव म्हणजे केंद्र उघडायचं, दूध मापायचं, फॅट काढायचं, आणि कुणाची फॅट कमी लागली की त्याच्या शिव्या खायच्या. वरच्या गावाकडं जनावरांपुढं टाकायला उसाचं वाढं होतं, म्हणून दूधही त्यांचंच जास्त. त्यांचे कॅन बंद झाले असते तर टेंपो अर्धा रिकामा गेला असता. संस्थेचे चेअरमन म्हणजे गावातले एक वयस्कर शेतकरी, त्यांना सगळे आबा म्हणायचे. आबा प्रत्येक बैठकीत एकच बोलायचे, "भांडण करा खुशाल. पण दिवाळीला पोरगी आणायला कोण जाणार ते आधी सांगा." बैठक तिथंच संपायची.

गावाचं मत असं होतं आणि मला ते दगडासारखं वाटायचं. दगड कुठला, ढेकूळ होतं. एक पाणी पडलं आणि विरघळलं.

ते पाणी मी सोडलं.

पोळा जवळ आलेला. दाजी, म्हणजे अक्काचे मालक, रोज सकाळी मोटारसायकलीवर दूध आणायचे. त्या दिवशी अक्काच कॅन घेऊन आली, वडाप जीपनं.

"दाजी कुठायत?" मी विचारलं.

"कपड्याला इस्त्री करायल्यात," ती हसून म्हणाली. "उद्या कारखान्याची सभा हाय न्हवं. सगळे सभासद ट्रकनं निघालेत. गडी माणूस म्हणून गावात ऱ्हाणार न्हाई बघ. केटीवरचा राखण्यासुदिक चाललाय."

"त्याचा कुठं शेअर हाय?"

"शेअर न्हाई, पण बुंदी हाय म्हणं. बुंदीला शेअर लागतो का?"

आम्ही दोघं हसलो. तिनं कॅन धुतला, आईसाठी आणलेली शेवयांची पिशवी माझ्याकडं दिली आणि गेली. एवढंच. यात फितुरी कुठं आहे ते मला कुणी दाखवावं.

संध्याकाळी घरी आलो तर वडील गोठ्यात बसलेले. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. बैलांना नदीवर न्यायचं, धुवायचं, मग हळद-लोण्यानं त्यांचे खांदे मळायचे आणि कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. तिन्ही गावांचे बैल बंधाऱ्याखालच्या डोहावर यायचे. त्या दिवशी कुणी कुणाला अडवायचं नाही, भांडण असलं तरी. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, तशी रीतच होती. पण त्या साली डोहात बैलाचं खूर भिजेल एवढंही पाणी नव्हतं. वडिलांचा एक बैल म्हातारा झालेला. पुढचा पोळा तो बघेल असं वाटत नव्हतं.

"बादलीनं धुवू की," मी म्हणालो.

"बादलीनं भांडी धुत्यात," वडील म्हणाले. "पाण्यात हुबा केल्याबिगर मी ह्याचे खांदे मळणार न्हाई. न मळलेल्या खांद्यानं त्यानं जावं, असंच असंल तर असंच."

वडील माझ्याशी फारसं बोलत नसत. त्यातून एखादं वाक्य आलं की ते डोक्यात रुतून बसायचं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी चुलतभावाला घेतलं, पहार घेतली, साखळी घेतली, एक वासा घेतला आणि नदीच्या पात्रातून बंधाऱ्यावर गेलो.

राखण्याचं खोपटं रिकामं. वर ऊन, खाली गढूळ पाणी, एक बगळा. आमचा बेत साधा होता. मधल्या गाळ्यातली, म्हणजे मधल्या दोन खांबांमधली, दोन दारं उचलायची, डोह भरेपर्यंत पाणी सोडायचं आणि दारं परत खाली टाकायची. कुणाला कळणारसुद्धा नाही. दाराला वर कड्या असतात. कडीत साखळी, साखळीत वासा, वाशाची दोन टोकं दोघांच्या खांद्यावर. वरचं दार सहज आलं. खालचं चिकटून बसलेलं, पहारीनं हलवलं आणि ते एकदम सुटलं. पाणी असं धावलं की चुलतभाऊ वाशासकट मागं पडला.

डोह भरला. मग आम्ही दार परत बसवायला गेलो. पाणी वाहतं असताना दार बसत नाही. त्याला पाणी सरळ राहू देत नाही, ते तिरपं होतं आणि खाचेत अडकतं. आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. पण आदल्या रात्रभर मी डोह भरण्याचाच विचार केला, रिकाम्या होणाऱ्या बंधाऱ्याचा केलाच नाही. दार तिरपं अडकलं, दोनदा कुरकुरलं आणि निखळून पाण्याबरोबर खाली गेलं.

"बे, चल आता," चुलतभाऊ म्हणाला.

"अरे, पण त्यांच्या पिण्याचं पाणी हाय हे."

"मग अडव जा आडवं पडून. चल म्हणतो ना! कुणी बघितलं न्हाई."

गेलो. पळत गेलो. मागं पाण्याचा आवाज येत होता आणि मी कानात बोटं घातली होती, लहान पोरासारखी.

वरच्या गावाचे लोक सभेवरून अंधार पडल्यावर आले. बंधारा रिकामा झालेला त्यांना सकाळी दिसला. त्यांनी पहिला संशय खालच्या गावावर घेतला, तिकडं जाऊन विचारलं. खालचे म्हणाले, आमच्यापर्यंत पाणी आलंच नाही. ते खरं होतं. कोरडी वाळू आणि आमच्या शिवारातले खड्डे यांनी ते वाटेतच पिऊन टाकलं होतं. मग ते चिडलेले लोक नदीच्या पात्रातून परत वर निघाले आणि दिवस कलता कलता आमच्या डोहावर आले.

तिथं आमचा आनंद चाललेला. सकाळीच गावात बोंब झाली होती, डोह भरला! पाझर फुटला! देव पावला! एकाही माणसानं विचारलं नाही की आभाळात ढग नाही, जमिनीत ओल नाही, मग डोह भरला कसा. एकानंही नाही. याचा राग मला आजही येतो. फुकटच्या पाण्याला बाप विचारायचा नसतो, ही आमची अक्कल. वडील गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हाताऱ्या बैलाला काथ्यानं घासत होते. मला म्हणाले, "बघ, देवाला काळजी हाय रे." मी दुसऱ्या बैलाची शेपटी धुवायला लागलो.

दरडीवर माणसं दिसली. काठ्या, दगड, दोघातिघांकडं गोफणी. ते ओरडत होते, "पाणी चोरून बैलं धुवायलात, भाडखाऊ!" पण घुंगरांच्या आणि हलगीच्या आवाजात पहिले शब्द कुणाला ऐकूच आले नाहीत. आमच्या लोकांना दिसलं ते एवढंच, की खांदमळणीच्या दिवशी, हातात काठी नसलेल्या माणसांवर आणि धुतलेल्या बैलांवर दगड पडतायत. बैल उधळले, माणसं चिखलात पडली. त्या गर्दीत दाजी होते. त्यांच्या हातात काही नव्हतं. माझ्यासमोर आले, थांबले आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमी बी?" मी खाली बघितलं.

वडिलांवर उगारलेली एक काठी बैलाच्या शिंगावर बसली. शिंगाची खोळ निघून पाण्यात पडली आणि आतल्या कोंबातून रक्ताची धार लागली. म्हातारा बैल पळाला नाही. त्याला पळणं उरलंच नव्हतं. तो पाण्यात उभा राहिला आणि त्याच्याभोवतीचं पाणी लाल होत गेलं. वडिलांनी डोक्याचा पटका सोडून त्याच्या शिंगाला गुंडाळला. मारामारी तिथंच थांबली. वरच्या गावचे लोकही आले तसे निघून गेले. बैलाला लागलेलं त्यांनाही बघवलं नसावं.

दिवेलागणीला मारुतीच्या पारावर गाव जमलं. मी गावाच्या पुष्कळ बैठका बघितल्यात, पण माणसं अशी बदललेली कधी बघितली नाहीत. दोन वर्षं पाय मुरगळलेला माणूस सगळ्यांत पुढं उभा. ज्यानं खालच्या गावाला कडब्याची पेंढी दिली नव्हती, तो म्हणाला, "माझी बैलगाडी घ्या, दगडं भरून न्यायला."

"माणसाला मारलं असतं तर एक येळ सोडून दिलं असतं," किराणा दुकानदार ओरडला. "मुक्या जनावराला मारलं! खांदमळणीला!"

"सोयरीक गेली चुलीत!"

"आजच चला. उद्या कशाला?"

"उद्या पोळा हाय, येड्या. बैलं कोण मिरवंल?"

"मग करीच्या दिवशी. करीला तसंबी काम नसतंय."

असं ठरलं लढाईचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, कामाला खाडा असतो म्हणून. खालच्या गावाची माणसंही तोवर येऊन पोचली होती. चेहरे दुःखाचे, पण मिशीत हसू. दोन वर्षं चहा पिऊन परत जाणाऱ्यांना आज कुणी चहासुद्धा विचारला नाही, सरळ पारावर बसवलं.

एकटे आबा उठले. "ते पाणी चोरलं म्हणून वरडत हुते," ते म्हणाले. "आपल्या डोहात पाणी आलं कुठून, ह्येचा उलगडा आधी करा."

"पाझर फुटला आबा!"

"कुठला पाझर? माझी विहीर डोहाच्या कडंला हाय, तिच्यात टिपूस न्हाई." मग त्यांनी मला शोधलं. "सचिव, तू रोज केंद्रावर असतोस. वरची माणसं तुला भेटत्यात. आपल्यातल्या कुणी केटीला हात लावला का? असंल तर सांग. मी आत्ता त्यांच्या पारावर जातो, टोपी काढून ठिवतो अन् माफी मागतो. भांडण हितंच मिटतंय."

सगळे माझ्याकडं बघत होते. वडील बघत होते, त्यांच्या बाराबंदीवर बैलाचं रक्त होतं. चुलतभाऊ गर्दीच्या मागं उभा होता, त्यानं मान अगदी थोडी हलवली.

मी म्हणालो, "न्हाई."

आबांनी टोपी सरळ केली आणि खाली बसले. हात वर झाले. संस्थेचे सभासद नसलेल्यांचेही झाले. वरच्या गावाचं दूध बंद, आणि करीला केटीवर. संस्थेचा भोंगा माझ्या ताब्यात असायचा. पोळ्याच्या दिवशी सकाळी मीच त्यावरून गावाला सांगितलं, की आपण काही केलेलं नसताना आपल्यावर हल्ला झाला. कुणी सांगायला लावलं नव्हतं. एकदा न्हाई म्हटलं की पुढची वाक्यं आपोआप येतात.

करीच्या लढाईचं वर्णन मी करणार नाही. ते गावात पुष्कळ जण करतात, आणि तिथं नसलेले जास्त चांगलं करतात. आमच्या आणि खालच्या गावानं मिळून उरलेली दारं उपसून फेकली आणि घणानं खांबांच्या खाचा फोडल्या. खाचा फुटल्या म्हणजे त्या बंधाऱ्यात परत कधी पाणी अडणार नाही, कुणासाठीच नाही, हे घण घालणाऱ्यांना कळलं नाही का? कळलं असणार. मलाही दाराचं कळत होतंच की. डोकी फुटली, हात मोडले. सरकारी दवाखान्यात दोन्हीकडची माणसं शेजारशेजारच्या खाटांवर पडून एकमेकांना शिव्या देत होती आणि एकमेकांच्या डब्यातलं खातही होती. पुढं केजच्या कोर्टात तारखा पडू लागल्या. त्या वेळेला वाटेवर जीप एकच. वरच्या गावाचे आरोपी मागं, आमचे आरोपी पुढं, आणि ड्रायव्हर म्हणायचा, "हाणामारी करायची असंल तर भाडं आधी द्या."

खालच्या गावाला पाणी मिळालं का? कुठलं मिळतं! नंतर तिन्ही गावांना टँकर आला, त्याच्यापुढं तिन्ही गावांच्या घागरी. वरच्या गावाचा ऊस मोडला. दूध संस्था रडतखडत उरली, आता सकाळी नुसते चार कॅन येतात.

पण मला लिहायचंय ते अक्काचं.

दारं निघण्याच्या आदल्या दिवशी ती आमच्या केंद्रावर आली होती, हे तिच्या सासरी सगळ्यांना माहीत. सासूनं तिला अंगणात उभं केलं. तूच माहेरी सांगितलंस, तूच फितूर झालीस. अक्कानं लहानग्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, माझ्या भावानं केटीला हात लावला असंल तर ह्या लेकराचं बरं होऊ नये. हे मला फार दिवसांनी दुसऱ्या एका पाव्हण्याकडून कळलं. पोरगा धडधाकट आहे, परळीला नोकरी करतो. पण एकदा त्याला कावीळ झाली तेव्हा मी भरल्या ताटावरून उठलो. बायकोला सांगितलं, पित्त झालंय.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला अक्का आली. सासरच्यांचा विरोध असताना आली. मी आत पाटावर बसलेला, डोक्याला तेल लावून. आईनं रांगोळी काढलेली. दारात वडील उभे राहिले. म्हणाले, "बैलाचं शिंग घेऊन आलीस का?"

मला आतून तिची चप्पल तेवढी दिसत होती. वडील म्हणाले, "मग जा." चप्पल वळली.

मी पाटावरून उठलो नाही. दारापर्यंत दहा पावलं नसतील. उठून एक वाक्य बोलायचं होतं. बैल तोवर गेला होता, वडिलांचा राग मात्र रोज ताजा होत होता, आणि त्या रागापुढं मी तेल लावलेलं डोकं खाली घालून बसून राहिलो. त्यानंतर अक्का माहेरी आली ती वडील गेले तेव्हा. अंगणात उभी राहिली, रडली. बायकोनं तांब्या पुढं केला तर म्हणाली, "मला तहान न्हाई." उन्हाळा होता.

आणि ते शिंग. ती खोळ वडिलांनी डोहातून शोधून आणली होती. संस्थेच्या पोरांनी ती मागून घेतली आणि केंद्राच्या भिंतीवर लावली. दरवर्षी पोळ्याला तिला हार घालतात, लाल हिंगूळ लावतात, आणि मी भोंग्यावरून तो दिवस सांगतो. मीच का? कारण मी तिथं होतो, आणि माझा आवाज चांगला आहे म्हणे. किती वर्षं तोच दिवस सांगतोय! डोह, देव, दगड, रक्त. त्याच्या आदल्या दिवसाविषयी मला आजवर एकानं विचारलेलं नाही. टीव्हीवर कुठल्यातरी दूरच्या देशावर अवचित हल्ला झाल्याची बातमी येते आणि हॉटेलात बसलेली आमची माणसं बाकावर मुठी आपटतात, तेव्हा मी चहा तसाच टाकून उठतो. त्या हल्ल्यामागंही असंच काही असेल असं मला म्हणायचं नाही. मला काय माहीत? पण मुठी आपटणारी माणसं मला माहीत आहेत.

यंदा वरच्या गावानं नवी गोष्ट काढली. त्यांचा तरणा सरपंच पेढे घेऊन आमच्या गावात आला. केटीच्या खाचा दुरुस्त करू, दोन्ही गावांच्या ग्रामसभेनं ठराव करू, पाणी वाटून घेऊ. आबा असते तर नाचले असते. आमची पोरं, त्या वेळी पाळण्यात असलेली किंवा नसलेलीही, म्हणाली, "शिंग इसरायला सांगायलात का आमाला?" पोळा झाला की ग्रामसभा. आणि पोळ्याला माझं भाषण, म्हणजे ठरावाच्या विरोधातलं.

मी म्हणालो, माझा घसा बसलाय.

"काका, काळजी करू नका," संस्थेचा आताचा सचिव म्हणाला. "मागल्या सालचं तुमचं भाषण मोबाईलमधी हाय माझ्या."

आणि त्यांनी ते लावलं. मी केंद्राच्या पायरीवर बसलेला आणि वर भोंग्यातून माझाच आवाज, आपण काही केलेलं नसताना, काही केलेलं नसताना. मोबाईल अडकला की ते वाक्य दोनदा यायचं. लोक टाळ्या वाजवत होते. मी म्हणालो, बंद करा रे. सचिव म्हणाला, "काका, जरा कळ काढा, शिंगाचं यायचंय अजून."

तेवढ्यात भाच्याचा फोन आला. पोळ्यासाठी तो गावी आलेला. तो माझ्याशी चोरून बोलतो, आईला सांगत नाही.

"मामा, वारं तिकडून हाय," तो म्हणाला. "तुमचा आवाज आमच्या घरापर्यंत यायलाय."

"मग?"

"मग काय. आईनं खिडकी लावून घेतली. आजी अंगणात बसलीय, ती आईला म्हणाली, ऐक तुझ्या भावाचं. आई म्हणाली, माझा भाऊ खोटं बोलत न्हाई."

ग्रामसभा अजून व्हायची आहे. हे लिहिलेलं मी सभेत वाचणार आहे, मग पोरांनी ते शिंग काढावं की मला काढावं ते त्यांनी ठरवावं. पण सभेतलं बोलणं संध्याकाळपर्यंत वरच्या गावात पोचतं, आणि अक्कानं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको. म्हणून त्याआधी जायचं आहे. परवा जीपमध्ये बसलो होतो. केटीपाशी उतरलो, फुटक्या खाचा बघितल्या आणि चालत परत आलो.

अक्काच्या अंगणात, तिच्या सासूसमोर आणि दाजींसमोर उभं राहून, दारं मी काढली, अक्कानं फितुरी केली नाही आणि तिची शपथ माझ्यामुळं खोटी झाली, एवढं सांगणं मी अजून देणं लागतो.